दुसरा शनिवार, सातपूर

स्टाफरूममध्ये गणिताचे तिघे आहेत,
इंग्रजीच्या दोघी, विज्ञानाचं तर आख्खं कपाट.
इतिहासाची मी एकटी.
सहामाही जवळ आली की माझा तास
उसना मागतात, साखर मागावी तसा,
आणि साखरेसारखाच परत देत नाहीत.

एकवीस वर्षं झाली.
प्रशिक्षणं केली, सगळी केली.
उपमा खाल्ला, सही केली. प्रमाणपत्रं एका पिशवीत आहेत,
पिशवी कुठे आहे ते विसरले.

मग आठवी ब मध्ये, समतेच्या लढ्याच्या पाठात
मी वाचत होते: एकोणीसशे तीस, काळाराम मंदिर,
हजारो सत्याग्रही.
आमच्या शाळेपासून ते दार चालत बारा मिनिटांवर.
दुसऱ्या बाकावरची संघमित्रा दोंदे उठली.
"बाई, माझ्या आईचे पणजोबा होते त्या हजारांत.
हजार म्हटल्यावर ते दिसत नाहीत."

आवाजात तक्रार नव्हती.
फळा नीट पुसला नाहीये, असं सांगावं तशी बोलली.
खिडकीकडच्या रांगेत शौनक,
ज्याच्या घराचं मागचं दार देवळाच्या गल्लीत उघडतं,
त्याने कंपासपेटी उघडली, मिटली, उघडली.
मी घड्याळाकडे पाहिलं.
चार मिनिटं उरली होती.
चार मिनिटं मी गृहपाठ सांगितला.

सनावळी मला झोपेतही येते.
पण ज्यांच्या घरचे दाराबाहेर होते
आणि ज्यांच्या घरचे दाराआत,
ती पोरं मधल्या सुट्टीत एकाच नळाला तोंड लावतात,
तेव्हा आधी कुणाकडे बघायचं,
हे बी.एड.च्या कुठल्याच पेपरात नव्हतं.
घरी सांगितलं. नवरा म्हणाला, एवढं काय, पाठ झाला ना?
झाला. तेच तर.

म्हणून हा दुसरा शनिवार.
दोन कारखान्यांच्या मधल्या शाळेत, प्रयोगशाळेच्या ओट्याभोवती
सहा-सात जण बसतो, ब्युरेटच्या स्टँडला पिशव्या अडकवून.
पगार वाढत नाही, सेवापुस्तकात नोंद होत नाही.
सुरगाण्याचे गावितसर पहाटेची एसटी धरतात.
मालेगावच्या शमीमबाई पेपरांचा गठ्ठा आणतात,
ऐकता ऐकता तपासतात.

मी सांगितलं. घड्याळाचंही सांगितलं.
वाटलं, हसतील.
गावितसर म्हणाले, "जंगल कायद्याच्या पाठाला
मी खोकला काढतो. दरवर्षी.
अर्ध्या वर्गाचे बाप त्या दिवशीही
दाव्याची फाईल घेऊन तहसीलला बसलेले असतात."

शमीमबाईंनी लाल पेनला टोपण लावलं.
"माझी पोरं रात्री मागावर, दिवसा बाकावर झोपलेली.
औद्योगिक क्रांती शिकवायला उठवू, की निजू देऊ?
एकदा जागे होते त्यांना विचारलं,
तुमच्या घरातला सगळ्यात जुना आवाज कोणता?
मग तासभर मला बोलावंच लागलं नाही."

उत्तर कुणी दिलं नाही.
उत्तरासाठी यायचं, तर मार्गदर्शिका होतीच की घरी.
माझा प्रश्न ओट्यावर होता,
प्रत्येकाने उचलून पाहिला.
वजन कमी झालं नाही.
धरायचा कुठे, ते कळलं.

सोमवारी फळ्यावर काही लिहिलं नाही.
"संघमित्रा, आई काय सांगते गं त्यांचं?"
पायाला फोड आले होते म्हणे, दगड तापलेले.
आणि फार चिडके होते.
भाजी अळणी झाली की ताट सरकवायचे.
वर्ग हसला, तीही हसली,
आणि हजारांतून एक माणूस
ताट सरकवत बाहेर आला.

शौनक तास संपल्यावर दारात थांबला.
"बाई, मी पण विचारू घरी?"
विचार, म्हटलं.
तीन आठवडे झाले.
तो काही बोललेला नाही, मीही टोकलं नाही.
टोकावं का, ते मला माहीत नाही.

हे घेऊन जायचंय परवा सातपूरला.
चिवड्याची पाळी माझी आहे.
कांदा तिथेच कापायचा, नाहीतर कडवटतो.
सुरी मात्र आठवणीने न्यायला हवी;
मागच्या खेपेला गावितसरांनी
स्टीलच्या पट्टीने कापला होता.